सिमरोलजवळ ६ एकर, निम्मी झाडी आणि उतार : मिनी ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यावा?

काळीमाती
नमस्कार मंडळी. इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, ६ एकर जागा आहे. अडीच एकर काळी माती बटाईने दिलेली, तिथे सोयाबीन आणि गहू होतो. तिथलं काम बटाईदार स्वतःच्या ट्रॅक्टरने करतो, त्यामुळे ती धरू नका.

प्रश्न उरलेल्या साडेतीन एकरांचा. एक एकर लावलेला साग आहे, २ बाय २ मीटरवर, एकदा विरळणी झालेला. बाकी आपसूक वाढलेलं रान : पळस, मोह, तेंदू, धावडा, नाल्याकाठी बांबू आणि सगळीकडे माजलेली घाणेरी. जमीन मुरमाची, दगड बरेच, नाल्याकडे चांगला उतार.

कामं अशी : घाणेरी काढणं आणि पुन्हा वाढू न देणं, पडलेली व विरळणीतली लाकडं वर रस्त्यापर्यंत ओढणं, दर पावसाळ्यात दोनेकशे खड्डे, उन्हाळ्याआधी कडेने जाळरेषा (आग अडवणारी मोकळी पट्टी) साफ करणं, आणि छोट्या ट्रॉलीने जळण, खत, पाण्याची टाकी नेणं.

एक विक्रेता म्हणतो १५ एचपी पुरे. दुसरा म्हणतो ४० च्या खाली बघूच नका. दोघांनाही जागा दाखवलेली नाही. काय घ्यावं?

महूवाला
२४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह. जिवो २४५ किंवा कुबोटा निओस्टार बी२४४१ च्या वर्गातला कुठलाही. १५ एचपीवाले, म्हणजे स्वराज ७१७ किंवा युवराज २१५, एका सिलिंडरचे आणि टू व्हील. सपाट बागेत फवारणी-वखरणीला उत्तम, पण मुरमाच्या उतारावर लाकूड ओढायला त्यांना लावू नका. इंजिन बंद पडणार नाही, चाकं जागेवर फिरतील.

तिखट_शेव
हे इंदूर आहे भिया. इथे आधी पोहे कुठले ते ठरतं, मग ट्रॅक्टर. पहिल्या दोन पोस्टीत पोह्यांचं नाव नाही, धागा चालायचा नाही.

मिस्त्रीकाका
काळीमाती, एचपीवर बोलायच्या आधी चार मापं द्या.
१) सगळ्यात अरुंद जागा. फाटक असेल, दोन झाडांमधली फट असेल, नाल्यावरची फरशी असेल.
२) सगळ्यात तीव्र उतार. ३ मीटरचा सरळ बांबू घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, वर स्पिरिट लेव्हल ठेवून आडवा धरा आणि खालच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजा.
३) सगळ्यात जड ओंडका : लांबी आणि घेर.
४) विरळणी कशी केली? एकाआड एक झाड काढलं की एकाआड एक ओळ?

बोनेटवर लिहिलेले एचपी इंजिनचे. मागच्या शाफ्टला, म्हणजे पीटीओला, त्याहून कमी मिळतात. ऑगर (खड्डे पाडणारा गिरमिट), स्लॅशर (झुडपं कापणारं फिरतं पातं), रोटावेटर चालतो तो पीटीओच्या एचपीवर. ओढकाम तर वजन आणि पकडीवर चालतं, तिथे एचपी शेवटी येतात. तुमच्या यादीत दोन्ही प्रकारची कामं आहेत, म्हणून एका आकड्यात उत्तर निघणार नाही.

घाटमाथा
मिनीच्या विरोधात माझं मत नोंदवतो. नव्या फोर व्हील मिनीच्या पैशात ३५-४० एचपीचा चांगला जुना टू व्हील ट्रॅक्टर येतो आणि वर ट्रॉलीचे पैसे उरतात. वजन १८०० किलोच्या आसपास. ओढायला वजन लागतं हे काकांनीच सांगितलं. त्याची अवजारं गावोगाव भाड्याने मिळतात, मिस्त्री प्रत्येक चौकात, टायर कुठेही. मिनीसाठी ४ फुटी रोटावेटर किंवा अरुंद कल्टिवेटर भाड्याने शोधून दाखवा. सगळं विकत घ्यावं लागतं, तो खर्च कोणी धरत नाही.

सागवान
घाटमाथा, अवजारांचं पटलं. ओढण्याचा मात्र हिशोब करून बघू.

सुक्या मुरमावर चाकांची पकड चाकांवरच्या वजनाच्या साधारण निम्मी धरू. उतार ६ ला १ समजू.

फोर व्हील मिनी, चाकातलं पाणी आणि चालक धरून १००० किलो. चारही चाकं ओढतात, म्हणून पकड ५०० किलो. स्वतःलाच चढावर न्यायला १/६, म्हणजे १६५ गेले. उरले ३३५.

टू व्हील, १८०० किलो. मागच्या चाकांवर साधारण ११५०. पकड ५७५. स्वतःच्या चढाईला ३०० गेले. उरले २७५.

सपाटीवर मोठा पुढे, चढावर मागे. ओंडका जमिनीवर घासत येताना वजनाच्या निम्मा ओढ मागतो, या चढावर त्यात आणखी १/६ मिळवा. म्हणजे मिनी एका वेळी ५०० किलो लाकूड वर आणेल, मोठा ४०० च्या थोडा वर. ३० सेंमी व्यासाचा, ३ मीटर लांब ओला सागाचा ओंडका साधारण २१० किलोचा. मिनी दोन आणतो. मोठाही जेमतेम दोनच आणतो, पण त्याला परतायला जागा जास्त लागते.

घाटमाथा
ओढताना वजन मागे सरकतं ते तुम्ही धरलं नाही. मागच्या रिमवर २०० किलोचे वजनाचे चकते लावा आणि पुन्हा मांडा.

सागवान
मांडलं. २००० पैकी मागे १३५०, पकड ६७५, चढाईला ३३३ वजा, उरले ३४२. बरोबरी झाली. वजन मागे सरकण्याचे धरले तर तुम्ही थोडे पुढे, मान्य. पण पाऊस पडून गेल्यावर पकड निम्म्यावरून पावावर येते. मिनीकडे ८५ उरतात. टू व्हीलकडे जवळपास शून्य, म्हणजे तो रिकामाच वर येण्यासाठी झगडेल.

लाकूडपेठ
सागवान, एक अडचण सांगतो. बाजारात लाकूड घेराच्या चौथाईने मोजतात. ३० सेंमी व्यास म्हणजे ९४ सेंमी घेर. त्याची चौथाई साडेतेवीस, तिचा वर्ग गुणिले ३ मीटर. ०.१६६ घनमीटर येतात. खरं घनफळ ०.२१. व्यापाऱ्याच्या पावतीवरून वजन काढलं तर ओंडका प्रत्यक्षात सव्वापट जड निघतो. साखळी आणि ट्रॉलीचा भार ठरवताना खरं घनफळ धरा आणि ओल्या लाकडाला घनमीटरमागे एक टन. सुका साग त्याच्या दोन-तृतीयांश.

बडोद्याची_वीणा
दोन्ही पक्ष पुढे-मागेच बघताहेत. मिनी उलटतो तो बाजूला.

अरुंद ट्रॅक्टर झाडांतून जातो तो अरुंद आहे म्हणून, आणि आडव्या उतारावर कलंडतो तोही त्याचसाठी. बहुतेक मिनींना मागची चाकं आत-बाहेर करता येतात : रिम उलटी लावून किंवा तबकडीची बाजू बदलून. उतारावर काम असेल तर चाकं बाहेरच्या मापाला लावा, टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरा (व्हॉल्व्ह वर असताना पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की तेवढंच होतं) आणि उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चाला, आडवं नको. लाकूड मागे असताना वळण घ्यायचं ते सपाटीवर.

सुरक्षा कमान, म्हणजे रोप्स, घडीची घ्या. फांद्या आडव्या येतात म्हणून लोक ती काढून कोठीत ठेवतात. पट्टा फक्त कमान उभी असतानाच बांधायचा. कमान पाडलेली असेल तर पट्टा सोडायचा, नाहीतर उलटताना माणूस खाली अडकतो. हे विक्रेते सांगत नाहीत.

महूवाला
ताईंच्या मुद्द्याला पुरवणी. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्याला. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) भोकाला किंवा लिफ्टच्या वरच्या भागाला बांधून ओढलं तर ओंडका खोडाला अडकला की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो. मागच्या धुऱ्याच्या खाली ओढ असेल तर पुढचं टोक उचलायच्या आत चाकं घसरतात. मिनीचं पुढचं टोक हलकं, तिथे हा नियम आणखी कडक पाळा.

साखळी ८ मिमी, ग्रेड ८०. तिचा चालू भार २ टन, मिनीला भरपूर. नायलॉनचा दोर नको. तो ताणतो, आणि तुटला की चालकाच्या मानेवर येतो.

अर्धाचहा
मला एक कळत नाही. साडेतीन एकरांसाठी ट्रॅक्टर कशाला? घाणेरी वर्षातून एकदा, खड्डे एकदा, लाकूड एकदा. मजूर, एक ब्रश कटर, दोनशे खड्ड्यांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर आणि ऑगर. बाकीचे ३४० दिवस ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, बॅटरी उतरलेली.

आणि घाणेरी स्लॅशरने कापली तर महिन्याभरात दुप्पट धुमारे घेऊन येते. ती मुळाच्या डोक्याखाली कापावी लागते. पावसाळा संपत आला की माती ओलसर असते, तेव्हा कुदळीने मातीखाली ३ इंचांवर मूळ तोडायचं, गड्डा उपटून उलटा ठेवायचा, वाळू द्यायचा. पुढच्या पावसात बीजाची रोपं येतात, ती हाताने निघतात. बियांवर येण्याआधी केलं तर काम वाचतं. ट्रॅक्टरचं इथे काही काम नाही.

महूवाला
थोडं आहे. जाड बुंध्याला साखळीचा फास खालच्या बाजूला घालून, सर्वात खालच्या गियरमध्ये हळू ओढलं की ओल्या मातीत गड्डा मुळासकट येतो. झटका द्यायचा नाही. झटक्याने वरचं तुटतं, मूळ आत राहतं.

अर्धाचहा
मान्य. अर्धा चहा तुमच्या नावावर.

काळीमाती
मापं घेतली.
फाटक साडेसात फूट. नाल्यावरची जुनी फरशी मात्र फक्त ५ फूट रुंद, आणि निम्मी झाडी त्या पलीकडे.
उतार : ३ मीटरच्या बांबूला ५० सेंमी. म्हणजे सागवान यांनी धरलेला ६ ला १ च निघाला.
सगळ्यात जड : पडलेला मोह, ६० सेंमी व्यास, सरळ खोड ४ मीटर.
विरळणी एकाआड एक झाड काढून, तिरकी. ओळी तशाच आहेत.

अर्धाचहा, भाड्याचं करून बघितलेलं आहे. पेरणीच्या हंगामात झाडीत यायला कोणी तयार होत नाही, आणि खड्डे त्याच हंगामात हवेत.

मिस्त्रीकाका
फरशीनेच निकाल दिला. ३५-४० च्या मोठ्या ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी साडेपाच फुटांपेक्षा जास्त असते, तो ५ फुटी फरशीवरून जाणार नाही. मिनी साडेतीन-चार फुटांत बसतो. वीणाताईंनी सांगितल्याप्रमाणे चाकं बाहेर लावली तरी बसेल, पण फरशीवर दोन्ही बाजूंना कडेला अर्धा फूट विटा किंवा दगड लावा. फरशी किती भार झेलते तेही बघून घ्या. खालून भेग दिसली तर आधी ती बदला, ट्रॅक्टर नंतर.

मोहाचा हिशोब : व्यास ६०, लांबी ४, म्हणजे १.१ घनमीटर, ओला असेल तर टनाच्या वर. वर ओढत आणायचा विचार सोडा. जागेवर १ मीटरचे तुकडे करा, प्रत्येक पावणेतीनशे-तीनशे किलोचा. ट्रॉलीत चढवायला दोन लाकडी फळ्यांचा उतार आणि हाताची विंच. किंवा तिथेच फाडा.

आता अवजारं. लिफ्टची क्षमता या वर्गात साडेसातशे किलोच्या आसपास लिहिलेली असते, पण ती खालच्या लिंकच्या टोकाला. भार जितका मागे, तितकी क्षमता कमी आणि पुढची चाकं हलकी. ऑगरचं वजन दीडेकशे किलोच, पण ते लिंकच्या बरंच मागे लटकतं. पुढे वजनं लावल्याशिवाय चढावर ऑगर उचलून चालू नका, स्टिअरिंग हातात राहत नाही.

ऑगर ९ किंवा १२ इंची. १८ इंची मुरमात मिनीला जड जातो. दगडात अडकला की शिअर बोल्ट तुटतो. तो तुटायलाच असतो. कंपनीच्या मापाचा आणि ग्रेडचाच घाला. जाड बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. अडकलेला ऑगर लिफ्टने उपटू नका. पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, पाईप पान्याने ऑगर उलटा फिरवून सोडवा.

स्लॅशर घ्याल तर पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग क्लच (पात्याची ढकल ट्रॅक्टरकडे उलटी न येऊ देणारा) असल्याची खात्री करा. स्वतंत्र पीटीओ नसलेल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी फिरतं पातं गिअरबॉक्समधून चाकांना पुढे ढकलत राहतं. समोर साग असतो, मागे उतार.

सागवान
विरळणी तिरकी आणि ओळी २ मीटरच्या. मिनीसुद्धा प्रत्येक ओळीत घालू नका. मुळं दबतात आणि खोडांच्या साली सोलवटल्या की साग आतून किडतो. पुढच्या विरळणीत दर पाचवी ओळ पूर्ण काढा, ४ मीटरची गल्ली मिळते. ट्रॅक्टर गल्लीतच राहील. आतले ओंडके साखळी लांब सोडून आणि कप्पी लावून गल्लीत ओढा. फिरती कप्पी ओंडक्याला लावली तर ओढ निम्मी लागते, दोर दुप्पट.

गल्लीतली खुटं जमिनीलगत कापा, तिरकी टोकदार ठेवू नका. मिनीच्या पोटाखाली २५-३० सेंमी मोकळं असतं. खुंट दिसला नाही तर सम्पला (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याला) भोक किंवा टायरची बाजू फाटते.

तिखट_शेव
साग तोडायची परवानगी घेतली का कुणी? नाहीतर ट्रॅक्टर लाकडापेक्षा आधी ठाण्यात ओढला जायचा.

लाकूडपेठ
गंमत बाजूला, मुद्दा खरा आहे. खाजगी जमिनीवरचा सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि रस्त्यावर न्यायला टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, लागतो, मध्य प्रदेश अभिवहन (वनोपज) नियम २००० प्रमाणे. साग वारंवार विरळायचा असेल तर लोक वानिकी अधिनियम २००१ खाली व्यवस्थापन योजना मंजूर करून घेण्याची सोय आहे. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) झाडांची नोंद आहे का ते पटवाऱ्याकडे आधी बघा. नोंद नसेल तर पुढे सगळीकडे अडतं.

नर्मदाकाठ
विक्रेत्याच्या पत्रकावर कोणी अवलंबून राहू नका. आपल्याच राज्यात बुदनीला, सीहोर जिल्ह्यात, केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. ट्रॅक्टरांची चाचणी तिथे होते आणि अहवाल निघतो. त्यात पीटीओची मोजलेली शक्ती, ड्रॉबारची ओढ, वजन, पोटाखालची उंची, ब्रेक लावून आणि न लावता वळण्याचा व्यास, लिफ्टची क्षमता, सगळं असतं. मॉडेलचं नाव सांगून विक्रेत्याकडे अहवाल मागा. २४ आणि २७ एचपीवाल्यांच्या पीटीओ शक्तीत कागदावर दिसतो तेवढा फरक नसतो, हे त्यात लगेच कळतं.

काळीमाती
म्हणजे २७-२८ एचपीला जाण्यात फायदा नाही?

नर्मदाकाठ
अहवाल बघून ठरवा. जॉन डिअर ३०२८ ईएनसारखा ट्रॅक्टर वजनाने जास्त आणि अंगाने मोठा, ओढायला बरा. पण फरशी ५ फुटी आहे. मागच्या टायरची बाहेरून बाहेर रुंदी फरशीवर जाऊन मोजा, पत्रकातली नको. पत्रकात सगळ्यात कमी माप लिहितात.

बडोद्याची_वीणा
आणखी एक गोष्ट तुमच्या झाडीसाठी. पुढे-मागे शटल असलेला गिअर बघा. झाडांत काम म्हणजे दर दोन मिनिटांनी उलटं जाणं. २०२३ मध्ये आलेल्या महिंद्राच्या ओजा मालिकेत ते आहे आणि ती सगळी फोर व्हीलच आहे. २१२१ मॉडेल २१ एचपीचं. आमच्या गुजरातेत राजकोटचे कॅप्टनही भरपूर दिसतात, पण सिमरोलला त्यांचा मिस्त्री जवळ आहे का ते बघून मगच. मिनीमध्ये ट्रॅक्टर किती चांगला यापेक्षा शनिवारी क्लच प्लेट कुठे मिळेल हे जास्त महत्त्वाचं.

घाटमाथा
पहिल्या पोस्टीपासून तेच म्हणतोय, ताई.

बडोद्याची_वीणा
तुमचं बरोबरच होतं. फरशी बरोबर नव्हती.

अर्धाचहा
फरशी रुंद करा ना मग! ५ ची ८ फूट, दोन पाईप आणि थोडं काँक्रीट. त्या खर्चात घाटमाथांचा जुना ट्रॅक्टर आत जाईल.

मिस्त्रीकाका
जाईल, आणि पलीकडे २ मीटरच्या ओळींत अडकेल. शिवाय ६ ला १ वर त्याला रिमवर २०० किलो बांधावे लागतील, हे वर झालं.

ट्रॉलीबद्दल मात्र घाटमाथांनी इशारा द्यायला हवा होता, दिला नाही म्हणून मी देतो. मिनीच्या मागे ३ टनी ट्रॉली दिसते रस्त्यावर, तसं उतारावर करू नका. बिनब्रेकची ट्रॉली उतरताना ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर दोघांचा कोन होतो आणि ट्रॅक्टर आडवा पडतो. तुमच्या उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड नको. ज्या गियरमध्ये वर चढला त्याच गियरमध्ये खाली उतरा, क्लच दाबून सोडू नका, आणि दोन्ही ब्रेक पेडल अडकवून एक केलेले असू द्या. शेतात वळण्यासाठी ते वेगळे ठेवतात आणि मग विसरतात. पाण्याची टाकी अर्धी भरली तर पाणी हिंदकळतं, ते भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. ५०० लिटरची टाकी पूर्ण भरा किंवा आडव्या पट्ट्या असलेली घ्या.

महूवाला
जाळरेषेचं कोणी बोललं नाही. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, म्हणजे रेषा जानेवारीअखेर तयार हवी. ३ मीटर रुंद, पालापाचोळा खरवडून मुरूम उघडा. यासाठी मागे लावायचं ५ फुटी ब्लेड, तिरकं फिरणारं. रोटावेटर दगडात नेऊ नका, पाती दिवसात बोथट होतात. घेतलाच तर रोटावेटरच्या दर फुटाला पीटीओचे ६-७ एचपी धरा : या वर्गाला ३ फुटी, फार तर साडेतीन फुटी.

सागाची वाळलेली पानं बोनेटखाली, सायलेन्सरच्या आजूबाजूला आणि पोटाखालच्या पत्र्यावर साठतात. पोटाखाली ४-५ मिमी पत्र्याचं संरक्षण लावून घ्याच, पण ऑईल सोडायला भोक ठेवा आणि आठवड्याला पत्रा सोडून पानं काढा. रेडिएटरची जाळी गवताच्या बियांनी भरते, तापमानाचा काटा वर गेला की आधी तिथे बघा. हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर कचरा रेडिएटरच्या फटींत घट्ट बसतो.

टायर ट्यूबचे व्हॉल्व्ह फांद्यांनी उपटले जातात. रिमवर वाकवलेली लोखंडी पट्टी वेल्ड केली की वाचतात. खैर-बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट, पाणी भरायच्या आधी विचारून. काही सीलंट पाण्यात फाटतात.

तिखट_शेव
एवढं वाचून मला ट्रॅक्टरऐवजी बैलजोडी स्वस्त वाटायला लागली. तिला डिझेल नाही, सीलंट नाही, बुदनीचा अहवाल नाही.

अर्धाचहा
बैलाचा पीटीओ कुठून काढणार?

काळीमाती
सगळ्यांचे आभार. कल असा : २१ ते २४ एचपी, फोर व्हील, चाकं बाहेरच्या मापाला, घडीची कमान, १२ इंची ऑगर, ५ फुटी ब्लेड, टनाच्या आतली ट्रॉली. स्लॅशर सध्या नाही, घाणेरी अर्धाचहांच्या पद्धतीने. मोह जागेवरच कापणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला असल्याने जुना घेण्यात तेवढा फायदाही उरला नाही.

दोन प्रश्न राहिले. बटाईदाराचा जुना कल्टिवेटर मिनीला लागेल का? आणि ट्रॉली हायड्रॉलिक घेऊ का साधी?

मिस्त्रीकाका
कल्टिवेटर लागणार नाही. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला खालची पिन २८ मिमी, मिनीच्या कॅटेगरी १ ला (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीच्या मापाला) २२ मिमी. २८ ची पिन २२ च्या भोकात जात नाही, पिन बदलली तरी अंतर जुळणार नाही आणि नऊ दात्यांचा कल्टिवेटर मिनी ओढणारही नाही. पाच दाती घ्या. काही मिनींना कॅटेगरी १ एन असते, म्हणजे पिना त्याच पण लिंकमधलं अंतर कमी. अवजार मागवण्याआधी दोन खालच्या लिंकच्या बॉलमधलं अंतर मोजून दुकानदाराला लिहून द्या.

ट्रॉली हायड्रॉलिक हवी असेल तर ट्रॅक्टरला बाहेरचा तेलाचा पॉईंट आहे का ते डेमोला बघा. पत्रकात असतो, काही वेळा गाडीवर नसतो आणि नंतर वेगळे पैसे मागतात. डेमो शोरूमसमोर नको, तुमच्या उतारावर मागा. दोन ओंडके बांधून वर ओढायला लावा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरा बघा.

घाटमाथा
आणि डेमोच्या दिवशी फरशीखाली कोणीतरी उभं राहून भेग बघा. ट्रॅक्टर वर असताना नको, गेल्यावर.